विदाऊट तिकीट चौल

चौल म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? रेवदंड्याचा बीच, नारळ-सुपारीच्या वाड्यांमधून जाणारा अरुंद रस्ता, दत्ताच्या डोंगराच्या न संपणाऱ्या पायऱ्या, फार तर थंडीतली पोपटी. टिपिकल अलिबाग वीकएंड! शुक्रवारी ऑफिस सुटलं की निघायचं आणि रविवारी रात्री दमून परत. ‘प्राचीन शहर’ वगैरे या प्लॅनमध्ये कुठेच नसतं. ज्यांना प्राचीन शहर बघायचं असतं, ते टर्कीची टूर बुक करतात.

माझी एक मैत्रीण तशी गेली होती. एफेसस बघून आली. संगमरवरी रस्ता, सेल्ससची लायब्ररी, हजारो माणसं बसतील असं थिएटर... फोटो खरंच सॉलिड आहेत. एफेसस हे एके काळी समुद्रकाठचं श्रीमंत ग्रीक शहर. पण नदीच्या गाळाने बंदर भरत गेलं, समुद्र लांब गेला, धंदा बसला आणि हळूहळू माणसंही गेली. १८६३ मध्ये जॉन टर्टल वूड या इंग्रजाने तिथे खणायला सुरुवात केली आणि १८६९ च्या अखेरीस त्याला आर्टेमिसचं देऊळ सापडलं. १८९५ पासून ऑस्ट्रियाच्या पुरातत्त्वज्ञांनी ते काम हातात घेतलं. २०१५ मध्ये युनेस्कोचा शिक्का बसला. आता तिकीट काढायचं, आत जायचं, फोटो काढायचे.

ते फोटो बघताना मला मात्र सारखं माझं आजोळ आठवत होतं. माझं आजोळ चौलचं. तिथेही बंदर होतं, तिथेही खाडी गाळाने भरली, तिथलाही धंदा दुसरीकडे गेला. फरक एकच. चौलची माणसं गेली नाहीत!

चौलचा बायोडेटा

आधी एक क्लिअर करते. चौल हे काही ग्रीकांनी वसवलेलं शहर नाही. पण ग्रीक भाषेत त्याचं नाव दोन हजार वर्षांपूर्वी लिहिलं गेलंय. इ. स. च्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कुणा ग्रीकभाषक व्यापाऱ्याने ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ नावाचं पुस्तक लिहिलं. लेखकाचं नाव माहीत नाही, पण माणूस पक्का बिझनेसवाला. कुठल्या बंदरात काय विकलं जातं, काय घ्यावं, कुठे जपून राहावं, सगळं त्यात आहे. जुलैच्या सुमारास इजिप्तहून निघा म्हणजे मान्सूनचे वारे तुम्हाला भारताकडे घेऊन येतील, हा सल्लासुद्धा! भडोचला इटलीची वाईन खपते आणि तिथून सुती कापड, हस्तिदंत, अकीक घ्यावेत, असं तो सांगतो. कल्याणबद्दल मात्र वॉर्निंग देतो. तिथल्या सत्तासंघर्षामुळे ग्रीक जहाज चुकून शिरलंच, तर पहाऱ्यात भडोचला नेलं जाईल. कल्याणच्या खाली दक्षिणेकडे जी बंदरं तो मोजतो, त्यांत पहिलं नाव आहे ‘सेमिला’. म्हणजे आपलं चौल.

पुढच्या शतकात अलेक्झांड्रियाचा टॉलेमी जगाचा भूगोल लिहितो. तो याला ‘सिमिला’ म्हणतो. मला सगळ्यात आवडणारा डिटेल इथेच आहे. तिथे जाऊन आलेल्या व्यापाऱ्यांनी त्याला सांगितलं, की स्थानिक लोक या गावाला ‘तिमूला’ म्हणतात. टॉलेमीने तेही नोंदवून ठेवलं. स्वतः कधी इथे न आलेल्या माणसाने गावकऱ्यांचा उच्चार काय, याची फिकीर केली! आणि गावकरी स्वतः काय म्हणत होते? त्याचं उत्तर बोरिवलीच्या नॅशनल पार्कात आहे. कान्हेरीच्या लेण्यांमध्ये दान देणाऱ्यांचे ब्राह्मी शिलालेख आहेत, त्यांत गावाचं नाव येतं ‘चेमुल’. आमच्याकडे अशी येणी-जाणी चालूच होती. कार्ले आणि जुन्नरच्या लेण्यांमध्ये तर दान देणारे काही जण स्वतःला ‘यवन’ म्हणवतात. ग्रीकांच्या ‘आयोनियन’ या नावावरून आलेला हा शब्द.

यानंतरही चौलचा सीव्ही थांबत नाही. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल मसूदी येतो, गावाला ‘सैमूर’ म्हणतो आणि इथे दहा हजार मुसलमान राहतात असं लिहितो. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद अशा ठिकाणांहून आलेल्या कुटुंबांचा तो उल्लेख करतो. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी विकायला घोडा घेऊन चौललाच उतरतो. १५०८ मध्ये इथल्या पाण्यात पोर्तुगीज आरमाराची लढाई होते आणि व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला जातो. १५२१ मध्ये पोर्तुगीज रेवदंड्याला किल्ला बांधायला घेतात. १७४० मध्ये तो मराठ्यांकडे येतो. किल्ला बघायला आपण जातो. पण त्याच्या आधीचं दीड हजार वर्षांचं गाव कुठे गेलं?

कुठेच नाही. ते वाड्यांच्या खाली आहे.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. विश्वास गोगटे आणि त्यांच्या टीमने नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून चौलमध्ये शोध आणि उत्खनन केलं. सातवाहन काळातले अवशेष मिळाले, अँफोराचे तुकडे मिळाले. अँफोरा म्हणजे दोन कानांचा, खाली निमुळता मोठा रांजण. भूमध्य समुद्राकडून वाईन, तेल असा माल त्यात भरून यायचा. म्हणजे पेरिप्लसवाल्याने जे लिहिलं, त्याचा पुरावा सुपारीच्या मुळांखाली निघाला.

मामाची वाडी

आता खरा प्रॉब्लेम. माझ्या मामाची वाडी चौललाच आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि एका दुपारीत वाडीतली निम्म्याहून जास्त झाडं आडवी झाली. सुपारीचं रोप लावल्यावर हातात पीक यायला पाच-सात वर्षं लागतात. तोपर्यंत खायचं काय? त्याच वर्षी मार्चमध्ये मांडव्याची रो-रो सुरू झाली होती, २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू उघडला. मुंबई जवळ आली आणि वाडीवर एजंटांचे फोन सुरू झाले. सेकंड होम, स्विमिंग पूल, प्रायव्हेट डेक.

गेल्या उन्हाळ्यात विहिरीजवळ खड्डा खणताना मामाला खापरं सापडली. लाल, जाड, एकाला कानाचा तुकडा. मी एक्साइट होऊन पेरिप्लसपासून निकितीनपर्यंत सगळं लेक्चर दिलं. मामाने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “अगं, रोमन-बिमन सगळं ठीक आहे, पण त्या रोमनांनी माझ्या पोराची फी भरली असती तर बरं झालं असतं.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. एफेससमध्ये हा प्रश्नच येत नाही, कारण तिथे कुणाचा मामा राहत नाही. माणसं निघून गेली की शहराचं म्युझियम करणं सोपं असतं. चौलमध्ये इतिहास जपायचा म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेल्या, सुपारीचं कर्ज फेडणाऱ्या जिवंत माणसांशी बोलावं लागतं. त्यांना ‘जमीन विकू नका’ असं पुण्या-मुंबईच्या एसी ऑफिसात बसून सांगायचा हक्क निदान मला तरी नाही.

पण हरवतंय ते काय, हे मात्र नीट सांगायला हवं. खापराची किंमत खापरात नसते, ते कुठल्या थरात सापडलं यात असते. वरच्या थरात चिनी मातीचा तुकडा, त्याखाली अरबी व्यापाराच्या काळातला, त्याखाली सातवाहन... असे थर एकावर एक बसलेले असतात. पुस्तकाची पानंच म्हणा. हाताने खणलं तर ती पानं वाचता येतात. जेसीबीने स्विमिंग पूल खणला की एका दिवसात दोन हजार वर्षांची पानं एकाच ढिगात! मग त्यातलं खापर शोकेसमध्ये ठेवा नाहीतर कुंडीत घाला, ते काहीच सांगत नाही. मामाला सापडलेली खापरं दोन हजार वर्षांची असतील किंवा दोनशे. ते ओळखायला खापराइतकाच तो खड्डाही महत्त्वाचा.

एक दिवस द्या

मग करायचं काय? मामाची सगळ्यात मोठी भीती वेगळीच होती. “कळवलं तर सरकार वाडी घेईल.” गावात सगळ्यांना हीच भीती, म्हणून कुणी बोलत नाही. मी वाचून काढलं. १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीची पुरलेली वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवायचं, असं तो सांगतो. नुसतं कळवलं म्हणून सातबाऱ्यावरचं नाव बदलत नाही. हे त्याला समजावल्यावर तो जरा सैल झाला.

आम्ही मग एक साधं काम केलं. खड्ड्याच्या भिंतीचे फोटो काढले, टेप धरून खोली मोजली, कुठलं खापर किती फुटांवर निघालं ते मामीने वहीत लिहिलं. खापरं धुतली नाहीत, मातीसकट पिशव्यांत भरून त्यावर नंबर टाकले. एवढं असलं की तज्ज्ञाला निदान सुरुवात करता येते. आता ते पुण्याला दाखवायचं आहे.

वाडीचा निर्णय मामाने अजून घेतलेला नाही. बहुतेक रस्त्याकडचा तुकडा तो विकेल आणि मी त्यावरून भांडणार नाही. पण घेणाऱ्याला एक गोष्ट सांगायचं त्याने कबूल केलंय. पाया खणायच्या आधी एक दिवस कुणा जाणकाराला बघू द्यायचं.

आणि खरं सांगू? त्या बाजूला प्लॉट घेणारे कोण आहेत? आपणच! बोनस जमवून, लोन काढून कोकणात छोटंसं घर बांधायचं स्वप्न आपल्या पिढीचंच आहे. तुम्ही चौल-रेवदंड्यात जागा बघत असाल तर जरूर घ्या. फक्त आर्किटेक्ट, वास्तुवाला आणि जेसीबीवाल्याच्या लिस्टमध्ये डेक्कन कॉलेज किंवा राज्याच्या पुरातत्त्व खात्याला एक फोन अॅड करा. एक दिवस उशीर झाला तर घर पळून जात नाही. त्या दिवशी तुमच्या प्लॉटखाली कुणी काय वाचेल, ते मात्र पुन्हा कुणालाही वाचता येणार नाही.