लोणारच्या काठावरून मंगळ

चौथीच्या वर्गात सूर्यमाला शिकवत होते. मंगळ आला तशी एका मुलीनं विचारलं, "बाई, तिथं आत्ता कुणी राहतं का? अगदी डोळ्यांना न दिसणारं, बारीकसं?" तास संपत आला होता. "नाही गं, तिथं काही जगत नाही," असं म्हणून मी फळा पुसला.

ते उत्तर घाईचं होतं, हे मला कळलं बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला गेल्यावर. चला, तुम्हांलाही तिथं नेते.

दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझा सातवीतला भाचा बदलापूरहून निघालो. लोकलनं कल्याण, रात्रीच्या गाडीनं जालना आणि पुढे एस.टी. सकाळी खिडकीतून पाहतो तर बाहेर ओळखीचाच काळा दगड! आमच्या बदलापूरच्या डोंगरांत, कोंडेश्वरच्या धबधब्यापाशी दिसतो ना, तोच. याचं नाव बेसॉल्ट. लाव्हारस थिजून तो तयार होतो. आणि गंमत म्हणजे, मंगळाची जमीनही बरीचशी याच दगडाची आहे!

लोणारला लोक लवणासुराची गोष्ट सांगतात. विष्णूनं त्या दैत्याला इथं मारलं म्हणे. शास्त्रज्ञ सांगतात, फार फार वर्षांपूर्वी आकाशातून अशनी आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं हे विवर झालं. बेसॉल्टमधली अशी विवरं पृथ्वीवर फार थोडी. म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे लोणारकडे लक्ष ठेवून असतात. मंगळावरच्या एका विवराला तर लोणारचंच नाव दिलंय!

आम्ही झाडीतून उतरत तळ्याशी पोचलो. भाच्यानं नाक दाबलं. "मावशी, या घाण वासात कोण जगणार?" पाणी बोटांना साबणासारखं बुळबुळीत लागलं. शाळेतून आणलेला तांबडा लिटमस कागद बुडवला, तर तो निळा झाला. म्हणजे पाणी पापडखाराच्या पाण्यासारखं, अल्कधर्मी.

पण ऐका तर! जून २०२० मध्ये हे अख्खं तळं गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं, तेव्हा कळलं की हा रंग खारट पाण्यातच सुखानं राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचा आहे. आपल्याला नकोसं वाटणारं पाणी म्हणजे त्यांचं घर!

"मग मंगळावरही असतील की!" भाचा म्हणाला. आता तोही माझ्यासारखीच घाई करत होता. काठावर बसून मी त्याला व्हायकिंगची गोष्ट सांगितली.

१९७६ साली व्हायकिंग नावाची दोन अमेरिकी यानं मंगळावर उतरली. त्यांनी तिथली माती डबीत घेऊन तिला पोषक द्रवाचा थेंब दिला. त्यात किरणोत्सारी कार्बनची खूण होती. कुणी तो 'खाल्ला', तर खुणेचा वायू बाहेर पडणार. आणि वायू पडला! माती आधी १६० अंशांपर्यंत तापवली, तर मात्र पडेना. हा प्रयोग आखणारे गिल्बर्ट लेव्हिन म्हणाले, हे सूक्ष्मजीवच! पण जीवांची शरीरं ज्या कार्बनी पदार्थांची बनतात, ते मातीत असल्याचा पुरावा दुसऱ्या उपकरणाला मिळाला नाही. बहुतेक शास्त्रज्ञ म्हणाले, ही नुसती रासायनिक क्रिया. पुढे २००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचे क्षार सापडले. तापवल्यावर ते कार्बनी पदार्थ नष्ट करू शकतात. म्हणजे दुसऱ्या साक्षीदाराची साक्षही डळमळली!

कोडं घरीच समजून घ्या. लिंबाच्या रसात खाण्याचा सोडा टाका, फसफसतो. इडलीचं पीठ रात्रभर ठेवा, फुगतं. वायू दोन्हीकडे होतो, पण पिठात तो कोट्यवधी सूक्ष्मजीव करतात आणि लिंबात नुसती रसायनं. मग नुसत्या वायूवर विश्वास कसा ठेवायचा? दोन-तीन वेगवेगळ्या साक्षी जुळायला हव्यात. लोणारचं पाणी प्रयोगशाळेत नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतं. मंगळाची माती मात्र अजून कुठल्याही यानानं पृथ्वीवर आणलेली नाही.

मंगळावर कडाक्याची थंडी, विरळ हवा आणि वर घातक अतिनील किरणं. आज तिथं कुणी असलंच, तर जमिनीखाली दडून असेल. म्हणून दोन मीटर खोल खोदणारी 'रोझालिंड फ्रँकलिन' ही युरोपची गाडी २०२८ मध्ये पाठवायचं ठरलं आहे. तीही स्वच्छ करूनच पाठवायला हवी, बरं का! व्हायकिंग तर भट्टीत भाजूनच पाठवली होती. नाहीतर इथून गेलेले जंतू तिथं सापडायचे आणि आपण टाळ्या पिटायच्या!

शाळा उघडल्यावर मी वर्गात सांगितलं, "त्या दिवशीचं माझं उत्तर चुकलं. खरं उत्तर आहे, अजून माहीत नाही. शोध चालू आहे." मग त्या मुलीनं फळ्याच्या कोपऱ्यात तिचा प्रश्न लिहिला आणि त्याला चौकट काढली.

आता फळा पुसणारी मुलं तेवढा कोपरा सोडून पुसतात.