संग्रह आणि खेळ

पत्ते हा शब्द उच्चारला की वडील मंडळींच्या कपाळावर आठ्या पडतात, आणि त्या अगदीच अकारण पडतात असे आमच्याने म्हणवत नाही. तथापि ज्या पत्त्यांविषयी आज लिहावयाचे आहे, ते हातात धरता येत नाहीत, पिसता येत नाहीत, की उशीखाली लपविताही येत नाहीत. ते फोनच्या काचेआड राहतात. त्यांनी आम्हांस जो धडा दिला, तो आमच्या शाळासोबत्यांस व त्यांच्या आईवडिलांस उपयोगी पडेल, ह्या आशेने हा लेखनप्रपंच.

चित्रमय पत्त्यांची आवड महाराष्ट्रास नवी नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा प्रसिद्धच आहेत. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान व दहा अंकी पाने, असे हाताने रंगविलेले १२० वाटोळे पत्ते. दिवसा खेळ मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हाती येईल त्याने आरंभ करावयाचा. रात्री मांडला तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने. तेथे सर्वांमध्ये मिळून जोड एकच असतो. सन १९९३ मध्ये अमेरिकेतील गणिताचे अध्यापक रिचर्ड गारफील्ड यांनी ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ काढला आणि निराळी रीत पाडली. पाकीट घ्यावे, आत काय निघेल ते नशिबाचे, आणि निघालेल्या पत्त्यांतून ज्याने त्याने आपला जोड बांधावा. जपानात १९९६ साली निघालेल्या पोकेमॉनच्या पत्त्यांनी हीच वाट धरली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांचा फोनवरील अवतार प्रकट झाला. कागदी खेळात ६० पत्त्यांचा जोड लागतो, येथे २० पुरतात. प्रथम तीन गुण मिळवील तो जिंकला.

ह्या खेळाचे वेड आम्हांस शिरूर येथे लागले, आणि त्याच सुमारास दौंड येथे राहणाऱ्या आमच्या धाकट्या मावसभावासही लागले. दर बारा तासांनी पाच पत्त्यांचे एक पाकीट फुकट उघडावयास मिळे. भावाचे वडील रेल्वेत नोकरीस. ते पाळीवरून घरी येत तेव्हाच अर्धा तास फोन त्याच्या हाती पडे. म्हणून त्याचे पाकीट उघडणेही त्याच वेळी. आमची गोष्ट वेगळी. आम्ही घड्याळाकडे डोळे लावून बसत असू. पाकिटाची वेळ मध्यरात्री आली तर अंथरुणातून उठून, आजीची झोप न मोडेल अशा बेताने, फोन उघडीत असू. तेवढ्यानेही समाधान होईना. तेव्हा मामांनी दिलेल्या दोनशे रुपयांचा दुकानातून रिचार्ज घेऊन आम्ही आणखी पाकिटे उघडिली, आणि आईने विचारले तेव्हा ‘वह्या घेतल्या’ असे धडधडीत खोटे सांगितले.

दिवाळीच्या सुटीत भाऊ शिरूरास आला. दोन फोन समोरासमोर ठेवून आम्ही डाव मांडला. आमच्या जोडात झळकणारे, दुर्मीळ, बलाढ्य पत्ते खच्चून भरले होते. त्याच्या जोडात कोणासही मिळतील असे साधे. आम्ही मनातल्या मनात त्याची कीव केली. परंतु आमच्या वीरांस तीन निरनिराळ्या रंगांची ऊर्जा लागे, आणि प्रत्येक पाळीस मिळे एकच, तीही त्या तिहींपैकी कोणती येईल त्याचा भरवसा नाही. हवी ती येईना, आणि वीर हात बांधून उभे. भावाचा सारा जोड एकाच ऊर्जेवर चालणारा. त्याने आमचा एक मोठा ‘ईएक्स’ पत्ता पाडला, दोन गुण घेतले; दुसरा पाडला आणि डाव संपला. ओळीने चार डाव असेच गेले.

मग त्याने आमचा संग्रह पाहावयास मागितला. बराच वेळ पाहून, मनात काही न ठेवता तो म्हणाला, “दादा, तुझ्याकडे इतके पत्ते आहेत, पण तू कोणाशी खेळतोस?”

ह्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही खेळत नव्हतोच. केवळ पाकिटे उघडीत होतो. धन्याने सोपविलेले द्रव्य भूमीत पुरून ठेवणाऱ्या दासाचा दृष्टांत आम्ही शाळेत कितीदा ऐकला होता. तो दास आपणच असू असे मात्र कधी वाटले नव्हते. आणि आम्ही तर त्याच्याही पुढे गेलो होतो: झोप, अभ्यास, आईचा विश्वास, हे सारे त्या खड्ड्यात घातले होते.

त्याच रात्री आईस खरे काय ते सांगितले. ती रागावली नाही. रागावली असती तर बरे वाटले असते. दुसऱ्या दिवशी तिने आमच्या गतवर्षीच्या वह्यांतील कोरी पाने काढिली, सुईदोऱ्याने शिवून त्यांची एक वही केली, आणि काही न बोलता आमच्या पुढ्यात ठेविली. त्या वर्षीचे बीजगणित आम्ही त्याच वहीत सोडविले.

आम्ही खेळ सोडिला नाही. रविवारी सायंकाळी, दौंडास भावाच्या हाती फोन येतो त्या अर्ध्या तासात, आम्ही दोघे खेळतो. मध्यरात्रीचे पाकीट मात्र सकाळपर्यंत तसेच राहते. अजूनही बहुधा भाऊच जिंकतो.