इनबॉक्सचा पत्ता बदलायचाय? चला युरोपला!

युरोपची टूर म्हटली की ठरलेली चित्रं डोळ्यांसमोर येतात. आयफेल टॉवर, आल्प्सचा बर्फ आणि त्या बर्फात साडीवर स्वेटर घालून फोटो काढणाऱ्या मावश्या. आज आपण जरा हटके रूट घेऊ या. जिनिव्हा, हॅनोव्हर, बर्लिन. शॉपिंग लिस्टमध्ये चॉकलेट नाही, परफ्यूम नाही. घ्यायचाय फक्त एक ई-मेल अॅड्रेस!

हसू नका. तुमच्या फुकटच्या मेलबॉक्समध्ये काय काय पडलंय ते जरा आठवा. ऑफर लेटर, पॅनकार्डची स्कॅन कॉपी, होमलोनचे कागद, आईचे ब्लड रिपोर्ट आणि ब्रेकअपनंतरही डिलीट न झालेल्या काही मेल्स. १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं, तेव्हा १ जीबी जागा फुकट मिळतेय हे ऐकून अनेकांना एप्रिल फूलच वाटलं होतं. त्या बदल्यात मेलमधला मजकूर मशीन वाचायचं आणि त्यानुसार जाहिराती दाखवायचं. हे बंद करत असल्याचं गुगलने जाहीर केलं ते थेट २०१७ मध्ये. तोवर आपण सगळे तिथेच राहायला गेलो होतो, सामानसुमानासकट.

मुंबई-पुण्यात भाड्याचं घर शोधताना आपण तीन गोष्टी बघतो. एरिया कसा, कुलूप कसं, भाडं किती. मेलबॉक्सचंही तेच असतं. एरिया म्हणजे तिथला कायदा, कुलूप म्हणजे एन्क्रिप्शन आणि भाडं म्हणजे कंपनी नेमकी कशावर जगते. या तीन प्रश्नांसह निघू या.

जिनिव्हा : घड्याळांच्या शेजारी

जिनिव्हात हॉटेलवर उतरलात की शहरातल्या ट्राम-बसचा फुकट पास मिळतो. तो घ्या आणि १८ नंबरची ट्राम पकडा. शेवटचा स्टॉप सर्न. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली ती इथेच. याच सर्नमध्ये भेटलेल्या काही तरुण शास्त्रज्ञांनी, एडवर्ड स्नोडेनने अमेरिकी हेरगिरी उघड केल्यानंतर, २०१४ मध्ये प्रोटॉन मेल सुरू केली. लोकांनी वर्गणी काढून साडेपाच लाख डॉलर्सच्या वर रक्कम जमवून दिली होती.

आज कंपनीचं ऑफिस शहराच्या दक्षिणेला, प्लॉन-लेझ-वात या उपनगरात आहे. शेजारी कोण? पाटेक फिलिप, पियाजे, व्हाशरॉन कॉन्स्टंटिन! घड्याळांच्या इतक्या फॅक्टऱ्या, की लोक गमतीने या गावाला 'प्लॉन-ले-वॉच' म्हणतात. बारीक कारागिरी आणि बंद तोंड, दोन्ही इथल्या मातीतच.

कुलूप साधं आहे. मेल सर्व्हरवर कुलूपबंद असते आणि किल्ली उघडते तुमच्या पासवर्डने. कंपनीलाही मजकूर वाचता येत नाही. भाडं पैसे भरणारे ग्राहक देतात, जाहिराती नाहीत. २०२४ पासून कंपनीचा ताबा एका ना-नफा फाउंडेशनकडे आहे.

आणि एरिया? स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, हे आधी लक्षात घ्या. स्विस गुप्ततेचा दबदबा मोठा, पण कायदा तिथेही आहेच. २०२१ मध्ये फ्रान्समधल्या पर्यावरण आंदोलकांच्या प्रकरणात स्विस अधिकाऱ्यांचा आदेश आला आणि प्रोटॉनला एका खात्याचा आयपी अॅड्रेस नोंदवून द्यावा लागला. मेलमधला मजकूर मात्र देता आला नाही, कारण तो कंपनीलाच वाचता येत नव्हता. पुढे २०२५ मध्ये, पाळतीचे नियम कडक करण्याचा स्विस सरकारचा प्रस्ताव बघून, प्रोटॉनने काही सर्व्हर देशाबाहेर हलवायला सुरुवात केली. म्हणजे चांगला एरियासुद्धा कायम चांगला राहील याची गॅरंटी नाही!

हॅनोव्हर : पंधरा हजार पत्रांचं गाव

बासेलला गाडी बदला आणि जर्मनीच्या आयसीई ट्रेनने उत्तरेला जा. हॅनोव्हर टूरवाल्यांच्या यादीत सहसा नसतं. पण हेरेनहाउझनच्या बागेतलं उंच कारंजं आणि लाइन नदीकाठच्या त्या रंगीबेरंगी गुबगुबीत 'नाना' बघायलाच हव्यात.

या गावाचं पत्रांशी जुनं नातं आहे. गणिती आणि तत्त्वज्ञ लायब्निझ १६७६ पासून १७१६ मध्ये मृत्यू होईपर्यंत इथे होता. कॉम्प्युटर ज्यावर चालतो ते ० आणि १ चं गणित मांडणारा हाच. त्याच्या पत्रव्यवहारातली सुमारे १५ हजार पत्रं इथल्या ग्रंथालयात जपली आहेत आणि २००७ मध्ये युनेस्कोने ती जागतिक स्मृतिसंग्रहात घेतली. कुणाची पत्रं तीनशे वर्षांनी सगळ्यांनी वाचावीत हे ठीक, पण तुमची आजच्या आज कुणी वाचू नयेत, नाही का?

त्यासाठी याच गावात २०११ मध्ये टूटानोटा सुरू झालं. लॅटिनमध्ये अर्थ 'सुरक्षित संदेश'. २०२३ पासून नाव नुसतं 'टूटा'. इथलं कुलूप जास्त घट्ट आहे. प्रोटॉन विषयाची ओळ पूर्ण कुलूपबंद करत नाही, टूटा तीही करतं. 'बायोप्सी रिपोर्ट' किंवा 'राजीनामा' एवढा विषयच पुरेसा बोलका असतो, हे ऑफिसात काम करणाऱ्याला सांगायला नको. बदल्यात थोडी गैरसोय होते. आउटलुकसारख्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये टूटा चालत नाही, त्यांचंच अॅप वापरावं लागतं. फुकटचं खातं सहा महिने उघडलं नाही, तर तेही जातं.

कोर्ट इथेही पोचलं. २०२० मध्ये कोलोनच्या कोर्टाने एका ब्लॅकमेल प्रकरणात आदेश दिला, की त्या खात्यावर यापुढे येणाऱ्या साध्या मेल्स उपलब्ध करून द्या. आधीच कुलूपबंद झालेल्या मेल्सना कोर्टही हात लावू शकलं नाही.

बर्लिन : वाफेवर उघडलेली पाकिटं

हॅनोव्हरहून बर्लिन दोन तासांच्या आत. हॉटेलवर बॅग टाका आणि यू-५ मेट्रोने माग्डालेनेनश्ट्रासेला उतरा. इथे पूर्व जर्मनीच्या स्टासी या गुप्त पोलिसांचं मुख्यालय होतं, आज म्युझियम आहे. पाकिटं वाफेवर उघडायची, वाचायची, पुन्हा चिकटवायची, हे काम करणारं एक अख्खं खातं होतं. रोज सुमारे ९० हजार पत्रं! १५ जानेवारी १९९० ला लोक या इमारतीत घुसले. मागे राहिलेल्या फाइल्स एकापुढे एक ठेवल्या तर १११ किलोमीटर भरतात.

इथे फिरलं की कळतं, जर्मन माणूस प्रायव्हसीबद्दल एवढा हळवा का. पत्रांची गुप्तता जर्मन राज्यघटनेच्या दहाव्या कलमातच आहे. जगातला पहिला डेटा संरक्षण कायदाही जर्मनीतल्याच हेसन राज्याने केला, १९७० मध्ये.

आता क्रॉइत्झबेर्गला या. ग्राफिटी, डोनर कबाब आणि टेकडीवरचं व्हिक्टोरिया पार्क. याच भागातली पोस्तेओ ही छोटी कंपनी २००९ पासून मेलबॉक्स देते. भाडं महिना १ युरो, म्हणजे साधारण शंभर रुपये. आपल्याकडे कॅपुचिनो याहून महाग! नाव-पत्ता विचारत नाहीत आणि कॅश पाकिटात घालून पाठवली तरी चालते. 'जे ठेवलंच नाही, ते देणार कुठून?' हा त्यांचा खाक्या. पण २०१८ च्या डिसेंबरमध्ये जर्मनीच्या घटनात्मक कोर्टाने त्यांना सांगितलं, की आयपी अॅड्रेस नोंदवत नाही ही सबब चालणार नाही, कोर्टाचा आदेश आला तर द्यावेच लागतील.

बर्लिनचीच मेलबॉक्स डॉट ऑर्ग थोडी महाग आहे, पण कॅलेंडर, ऑनलाइन ऑफिस वगैरे सोयींसह.

मग राहायचं कुठे?

तिन्ही गावांनी एकच गोष्ट सांगितली. कायद्याबाहेरचं गाव नकाशावर नाही. कोर्ट आलं की प्रत्येकाने दार उघडलं. फरक पडला तो आत किती सामान होतं यावर. म्हणून झेंड्याचा रंग बघण्याआधी कंपनी तुमचं काय काय साठवते ते बघा.

रोजच्या वापराला सोपं हवं तर प्रोटॉन. विषयासकट सगळं बंद हवं तर टूटा. साधं, स्वस्त आणि आउटलुकवर चालणारं हवं तर पोस्तेओ. स्वतःचं डोमेन आणि ऑफिसची कामं एकत्र हवी असतील तर मेलबॉक्स डॉट ऑर्ग.

आणि एक धोका आपल्या घरचा. २०२५ च्या एप्रिलमध्ये कर्नाटक हायकोर्टाने एका कंपनीच्या तक्रारीवरून केंद्र सरकारला प्रोटॉन मेल भारतात ब्लॉक करण्याची कार्यवाही करायला सांगितलं. त्या महिला कर्मचाऱ्यांना अश्लील मेल्स आल्या होत्या, तक्रार खोटी नव्हती. पण उद्या कुठलीही सेवा अशी बंद झाली, तर तुमच्या बँकेच्या आणि पीएफच्या मेल्सचं काय?

बॅग भरण्याआधी

• स्वतःचं डोमेन घ्या. कंपनी बदलली तरी पत्ता तोच राहतो. पोस्तेओवर ही सोय नाही.

• जुनं खातं लगेच बंद करू नका. निदान वर्षभर ठेवा आणि बँक, पीएफ, इन्शुरन्स एकेक करत हलवा.

• रिकव्हरी कोड कागदावर लिहून कपाटात ठेवा. पासवर्ड विसरलात आणि कोडही नसेल, तर जुन्या मेल्स कंपनीही उघडून देऊ शकत नाही.

• समोरचा जीमेलवर असेल तर साधी पाठवलेली मेल त्याच्याकडे उघडीच पोचते. नाजूक काही असेल तर पासवर्ड लावून पाठवा आणि पासवर्ड फोनवर सांगा.

• आधी फुकटचं खातं महिनाभर वापरून बघा. प्रोटॉन आणि टूटा दोन्हीकडे ते मिळतं, व्हिसा लागत नाही!