जिमी, दादा आणि मी

मंडळी, आज एक जुनी उधारी फेडायची आहे.

गेल्या दिवाळीत मी इथे 'डिस्को डान्सर'ची यथेच्छ टिंगल केली होती. पुतण्याने ती हसनाबादला दादाला वाचून दाखवली. दादाचा फोन आला, "सगळं बरोबर लिहिलंस. पण पिच्चर पुन्हा बघ." परवा गावी गेलो तेव्हा दोघांनी मिळून बघितला.

दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. १९८२ च्या डिसेंबरात आलेला हा सिनेमा आमच्या गावात पोचला दोनेक वर्षांनी, गणपतीत. जालन्याहून भाड्याने आणलेला कलर टीव्ही आणि व्हीसीआर, समोर बारदानावर बसलेलं निम्मं गाव. त्यानंतर दादा पांढरी पँट घालून वर्षभर नाचत होता. एकदा काकांनी चारचौघांत त्याच्या कानाखाली वाजवली. नाच तिथेच संपला.

आता सिनेमाबद्दल. दोष आहेतच! ज्या ओबेरॉयने लहानपणी छळलं, त्याचीच मुलगी नायिका. नायिकेला अभिनय फारसा जमलेला नाही. मारामाऱ्या लांबलेल्या. बप्पी लाहिरींच्या चालींपैकी जिमीच्या नावाची ती प्रसिद्ध चाल ओटावान या फ्रेंच जोडीच्या १९८० च्या गाण्यावरून घेतलेली. आईच्या मृत्यूनंतर नायकाला गिटारचीच भीती बसते, तिथे तर मी मागच्या वेळी पोट धरून हसलो होतो.

पण काही गोष्टी तेव्हा माझ्या लक्षातच आल्या नव्हत्या. पटकथा राही मासूम रझांची. मॅनेजर झालाय ओम पुरी, आणि तो साध्या वाक्यांनाही वजन देतो. मिथुनला मृणाल सेन यांच्या 'मृगया'साठी (१९७६) राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला होता, आणि इथे तो एकही प्रसंग हसण्यावारी नेत नाही. सोव्हिएत रशियात या सिनेमाची सहा कोटींवर तिकिटं खपली. भाषा न कळता एवढी माणसं नुसत्या कमरेच्या हिसक्यांसाठी येत नसतात.

लहान अनिलवर गिटारचोरीचा आळ येतो, आई तो स्वतःवर घेऊन तुरुंगात जाते, आणि सुटल्यावर वस्ती त्यांना चोर म्हणते. मायलेकरांना मुंबई सोडावी लागते. हा प्रसंग आला तेव्हा दादा म्हणाला, "नाच सगळ्यांनी उचलला. मी हे बघायला पुन्हा बसलो होतो. चारचौघांत अपमान झालेलं पोरगं परत येऊन त्याच चारचौघांपुढं उभं राहतं."

मी गप्प.

पुढे विजेच्या गिटारला चिकटून आई मरते. दादा हळूच म्हणाला, "तू शहरात राहून हसलास. तेव्हा इथं हसलं नव्हतं कुणी." खरंच. ओल्या हातांनी विहिरीवरची मोटार चालू करणाऱ्या गावाला शॉक म्हणजे काय हे सांगावं लागत नाही.

शेवटी गिटार हातात घेऊन जिमी पुन्हा गातो, तेव्हा साठी ओलांडलेल्या दादाचा पाय सतरंजीवर ठेका धरत होता. वहिनी दारातून बघत होत्या. मला म्हणाल्या, "लग्नाला पस्तीस वर्षं झाली, हे मला ठाऊकच नव्हतं हो!"

असो. मागचं लिखाण काढत नाही, त्यातले दोष खरेच आहेत. फक्त दादा, हेही वाचून घे पुतण्याकडून.