जुन्या यंत्राचे आयुष्य फडताळात असते

१/ १९७७-७८च्या सुमारास दोन बड्या अमेरिकी कंपन्यांनी भारताचा निरोप घेतला. कोका-कोला गेली, तेव्हा तिची जागा दुसऱ्या पेयांनी घेतली. आयबीएम गेली, तेव्हा मात्र एक अवघड प्रश्न मागे उरला: जी यंत्रे येथेच राहिली, त्यांचे सुटे भाग आता कोण पुरवणार?

२/ निमित्त १९७३च्या परकीय चलन नियमन कायद्याचे. परकीय भागभांडवल ४० टक्क्यांवर आणण्याची अट आयबीएमला मान्य झाली नाही आणि १९७८मध्ये तिने येथील कारभार आवरला. रेल्वेपासून विद्यापीठांपर्यंत अनेक ठिकाणी तिची यंत्रे चालू होती. त्यांतली पुष्कळशी भाड्याने दिलेली. दुरुस्ती आणि सुटे भाग ही कंपनीची जबाबदारी असल्याने तिचे ओझे ग्राहकाला कधी जाणवलेच नव्हते.

३/ त्या काळातील नावाजलेले यंत्र म्हणजे १९५९चे आयबीएम १४०१. ट्रान्झिस्टर बसवलेल्या असंख्य छोट्या पट्ट्या, पंचकार्डे वाचणारे यंत्र, अक्षरांची साखळी वेगाने फिरवत छापणारा प्रिंटर. जेथे हलणारे भाग असतात, तेथे झीज ठरलेलीच. शिवाय कंपनीने १९७१मध्येच हे यंत्र बाजारातून मागे घेतले होते. यंत्र चालू होते. त्याचा वंश मात्र खुंटला होता.

४/ सुट्या भागांचा हिशेब नेहमीच्या व्यापारासारखा नसतो. किराणा दुकानदाराला पुढच्या महिन्याची साखर मागच्या महिन्याच्या वहीवरून कळते. सुटा भाग पाच वर्षे कोणी मागत नाही, आणि सहाव्या वर्षी एका सकाळी तो त्याच क्षणी हवा असतो. प्रत्येक गावी साठा ठेवावा तर भांडवल अडकते; एकाच ठिकाणी ठेवावा तर यंत्र दिवसेंदिवस बंद राहते. आणि नवे मॉडेल आले की तोच साठा भंगाराच्या भावाने जातो.

५/ हा भार भारतात कोणी उचलला? १९७५मध्ये सरकारने स्थापलेल्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनने, म्हणजेच सीएमसीने. सुमारे ८०० ठिकाणच्या आयबीएम यंत्रांची देखभाल तिच्याकडे आली. निर्माता पाठीशी नसला की मार्ग तीनच उरतात: भाग बाहेरून मिळवणे, स्वतः घडवणे, किंवा निकामी यंत्रातून काढून चालत्या यंत्राला बसवणे. पुढे सीएमसीने अनेक कंपन्यांची यंत्रे सांभाळली. जितक्या कंपन्या, तितक्या तऱ्हांचे भाग.

६/ हे दुखणे केवळ परदेशी ग्राहकांचे होते असे नाही. खुद्द अमेरिकेत आयबीएमला दोन लाखांहून अधिक प्रकारच्या सुट्या भागांचा सांभाळ करावा लागे. १९८०च्या दशकात मॉरिस कोहेन, हाऊ ली आदी अभ्यासकांच्या साहाय्याने तिने ‘ऑप्टिमायझर’ ही गणिती प्रणाली उभारली. कोणता भाग मध्यवर्ती कोठारात, कोणता ग्राहकाजवळच्या केंद्रात आणि किती ठेवायचा, हे ती ठरवी. साठ्यात अडकलेले २५ कोटी डॉलरहून अधिक भांडवल त्यामुळे मोकळे झाले आणि सेवाही सुधारली.

७/ पण गणित साठ्याची वाटणी करते. बंद पडलेले उत्पादन ते पुन्हा सुरू करू शकत नाही. आयबीएमने भारत सोडला त्याच १९७८मध्ये इंटेलची ८०८६ ही चिप बाजारात आली. २००२मध्ये अमेरिकेच्या अंतराळयानांच्या बूस्टर रॉकेटांची चाचणी घेणाऱ्या उपकरणांसाठी तीच चिप हवी होती. ती शोधण्यासाठी नासाच्या यंत्रणेला इंटरनेटवरील लिलाव धुंडाळावे लागले. जुनी वैद्यकीय उपकरणे विकत घेऊन त्यांतून चिपा काढाव्या लागल्या.

८/ संगणकाच्या इतिहासात नव्या यंत्रांच्या जन्मतारखा ठळक अक्षरांत नोंदल्या जातात. ती यंत्रे पुढे किती वर्षे चालली, हे मात्र बहुधा कोठारातल्या फडताळांवर आणि तेथील नोंदवही नीट ठेवणाऱ्या माणसांवर अवलंबून राहिले. सीएमसी २००१मध्ये टाटा समूहाकडे गेली आणि २०१५मध्ये टीसीएसमध्ये विलीन झाली. तिच्या नावातला ‘मेंटेनन्स’ हा शब्द आज फारसा कोणाच्या लक्षात नाही. १९७८मध्ये देशाला गरज होती ती नेमकी त्याच शब्दाची.