हिमावरील चूल

कालिदासानें ‘कुमारसंभवा’च्या प्रथम सर्गांत हिमालयाचें वैभव वर्णिलें आहे. हिम हा दोष मानला, तरी तो पर्वताच्या अनंत गुणांत लोपून जातो, असा त्याचा अभिप्राय. परंतु ज्यास त्या हिमावर बसून भात शिजवावयाचा आहे, त्यास हा दोष इतका क्षुद्र वाटत नाहीं!

आमचें शेंद्रा गांव छत्रपति संभाजीनगराहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. मांगीरबाबांची जत्रा आणि अलीकडील कारखाने यांमुळें तें परिचित असलें, तरी बर्फाशीं त्याचा संबंध कोणास सुचावयाचा नाहीं. तथापि याच जिल्ह्यांतील रफीक शेख यांनीं २०१६ सालीं व मनीषा वाघमारे यांनीं २०१८ सालीं एव्हरेस्ट गांठलें; आणि हल्लीं इकडील तरुण मंडळीहि हिंवाळ्यांत पाठीवर बिऱ्हाड घेऊन उत्तरेकडे निघते. अशाच कांहीं माजी विद्यार्थ्यांसमवेत केदारकंठाच्या वाटेनें जाण्याचा योग मला आला.

सचखंड एक्सप्रेसनें दिल्ली, तेथून डेहराडून, आणि पुढें पुरोला-मोरीवरून मोटारीनें उत्तरकाशी जिल्ह्यांतील सांकरी गांव. तेथून पायवाट लागते. शिखर सुमारें १२,५०० फूट उंच. माझी मजल मात्र ९,००० फुटांवरील जुडा-का-तालाबापर्यंतच. तळें गोठलेलें, वृक्ष हिमानें वांकलेले, आणि शांतता अशी कीं आपला श्वास आपणांसच ऐकूं यावा.

पहिला प्रश्न पाण्याचा! आमच्या माळावर उन्हाळ्यांत पाणी नसतें म्हणून टंचाई. तेथें चहूंकडे पाणीच पसरलें असूनहि घोटभर मिळत नाहीं. भुसभुशीत ताजें हिम दहा भांडीं वितळवावें, तेव्हां जेमतेम एक भांडें पाणी हातीं येतें. शिवाय हिमाचें नुसतें पाणी करण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढ्यांत तेंच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलें असतें. भांड्याच्या तळाशीं आधीं थोडें पाणी घालावें, नाहीं तर कोरडें हिम वितळण्यापूर्वींच भांडें करपतें. रात्रीं बाटली उलटी ठेवावी; पाणी वरून गोठूं लागतें, म्हणून सकाळीं तिचें तोंड मोकळें राहतें.

दुसरा प्रश्न शिजण्याचा. शेंद्र्यास पाणी सुमारें ९८ अंशांवर उकळतें, त्या तळावर ९१ अंशांच्या आसपास. पाणी खळखळतें, पण डाळ दाद देत नाहीं. यास उपाय दोन: एक प्रेशर-कुकर, आणि दुसरा आपल्या आजीबाईंची दूरदृष्टि. मेतकूट, सातूचें पीठ, भाजलेले दाणे, गूळ, तूप हे पदार्थ घरींच अग्निसंस्कार होऊन आलेले. त्यांस तेथें इंधन जवळजवळ लागत नाहीं. त्या थंडींत ऊन ऊन मऊ भात, मेतकूट व तूप यांचा पहिला घांस घेतांना मंडळी कांहीं काळ बोललीच नाहीं. साध्या ब्यूटेन वायूचा डबा शून्याच्या खालीं मंदावतो. म्हणून प्रोपेनमिश्रित वायु किंवा रॉकेलचा स्टोव्ह न्यावा. देवदाराच्या फांद्या तोडून जाळ करणें तर सर्वथा निंद्य होय.

परंतु सर्वांत मोठा धोका थंडीचा नव्हे, तर उबेच्या मोहाचा आहे. वारा सुटला कीं स्टोव्ह तंबूंत घेऊन पडदे लावावेसे वाटतात. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं, गंध नाहीं. तो रक्तांत प्राणवायूची जागा बळकावतो. डोकें जड होतें, झोंप येते, आणि ती झोंप कित्येकांची अखेरची ठरते. आमच्यांतील एका मुलानें स्टोव्ह आंत आणला, तेव्हां त्याच्याच सोबत्यानें तो मुकाट्यानें उचलून बाहेर नेला व स्वतः वाऱ्यांत बसून चहा केला. मला त्या मुलाच्या सर्व परीक्षांपेक्षां ही परीक्षा मोठी वाटली. बंद खोलींत शेगडी ठेवून निजणाऱ्या गृहस्थांनींहि हें ध्यानीं धरावें.

पालकांस एवढेंच सांगणें आहे: मुलामुलींस हिमालयांत जाऊं द्यावें, मात्र त्यापूर्वीं मुलीइतकेंच मुलासहि भात लावावयास, स्टोव्ह पेटवावयास आणि वेळीं विझवावयास शिकवावें.