‘पास आउट’ आणि ‘पास ओव्हर’

इंग्रजी भाषा आपणांस चांगली येते, असा आमचा फार दिवसांचा समज होता. मुंबईस शाळेत तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकली होती. पुढे कचेरीत तीस वर्षे इंग्रजीतून पत्रव्यवहार केला होता. हा समज क्युपर्टिनो येथे एका सकाळी घराच्या कुंपणापाशी उभे असताना नाहीसा झाला.

आमच्या शेजारी एक वृद्ध अमेरिकन जोडपे राहते. यजमान सत्तरी उलटल्यावरही डी अँझा कॉलेजात छायाचित्रणाच्या वर्गास जात. त्या सकाळी त्यांच्या पत्नी म्हणाल्या की, नवरा काल रात्री ‘पास आउट’ झाला. आपल्याकडे अमुक मनुष्य अमुक साली कॉलेजातून पास आउट झाला, असे सर्रास म्हणतात. आम्ही मोठ्या उत्साहाने बाईंचे अभिनंदन केले. पार्टी कधी, असेही विचारले. त्या आमच्याकडे क्षणभर पाहत राहिल्या आणि काही न बोलता आत गेल्या. संध्याकाळी मुलाने सांगितले तेव्हा कळले की, इकडे ‘पास आउट’ होणे म्हणजे मूर्च्छा येणे. यजमान स्वयंपाकघरात कोसळले होते, आणि आम्ही पेढे मागत होतो!

त्या घराकडे मान वर करून पाहण्याची सोय उरली नाही. मात्र याच शरमेने आम्हांस पुन्हा विद्यार्थी केले.

पाहू गेलो तेव्हा दिसले की, आम्ही शिकलो ती इंग्रजी अर्ज-विनंत्यांची. आम्ही ‘पोस्टपोन’ म्हणतो, शेजारी ‘पुट ऑफ’ म्हणतात; आमचे ‘टॉलरेट’, त्यांचे ‘पुट अप विथ’; आमचे ‘कॅन्सल’, त्यांचे ‘कॉल ऑफ’. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच व लॅटिन शब्द दरबारात आणि ग्रंथांत मानाने बसले. घरात व बाजारात मात्र जुनी आखूड क्रियापदेच राहिली. आपणही चुलीपाशी ‘प्रतीक्षा करतो’ असे म्हणत नाही, ‘वाट पाहतो’ असेच म्हणतो. आता ‘वाट’ आणि ‘पाहणे’ यांचे सुटे अर्थ जोडून त्या अमेरिकन बाईंस काय बोध होणार? आमची गत तीच झाली होती.

प्रथम आम्ही वहीत यादी करून पाठांतर आरंभिले. ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणे, ‘लुक फॉर’ म्हणजे शोधणे, ‘लुक इन्टू’ म्हणजे चौकशी करणे. आठवड्यात सारे एकमेकांत मिसळले. मग ध्यानी आले की, आपल्या मराठीतही असा प्रकार आहे. फरक इतकाच की, इंग्रजी जे काम ‘अप’, ‘ऑन’, ‘ऑफ’ या चिमुकल्या शब्दांकडून करून घेते, ते आपण पुष्कळदा दुसऱ्या क्रियापदाकडून करवितो. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक. ‘यूज अप’ म्हणजे वापरून टाक. ‘कीप ऑन’ म्हणजे करीत राहा. ‘करून ठेवले’ आणि ‘करून बसला’ यांतला भेद आपल्या पोरांस कोणी शिकविला होता? सर्वच शब्द असे जुळत नाहीत, हे खरे; तथापि निम्मे ओझे हलके झाले. एक खोच मात्र वेगळीच शिकावी लागली: सर्वनाम मध्ये घालतात. दिवा मालवायचा तर ‘टर्न इट ऑफ’; ‘टर्न ऑफ इट’ म्हटले की नातवंडे हसतात.

मराठीच्या आधाराने परकी भाषा शिकणे आपल्या समाजास नवे नाही. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांनी १८३२ साली मुंबईत हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीतून छापली, ती आपल्याच पूर्वजांकरिता. हिब्रूसाठी ज्यांनी मराठीचा हात धरला, त्यांच्या वंशजांनी इंग्रजीसाठी तो का सोडावा?

आणि गंमत पाहा. ‘पास अवे’ म्हणजे निवर्तणे, ‘पास आउट’ म्हणजे मूर्च्छा येणे, आणि ‘पास ओव्हर’ म्हणजे ओलांडून जाणे. विल्यम टिंडेल याने १५३० साली छापलेल्या आपल्या भाषांतरात पेसाहास हेच नाव दिले. परमेश्वर इस्राएलांची घरे ओलांडून गेला, म्हणून. मराठी बायबलातला ‘वल्हांडण’ हा शब्द तोच अर्थ सांगतो. जे क्रियापद दर वर्षी सेदेरच्या मेजावर भेटे, त्याच्या भावंडाने आम्हांस फसवावे!

सून म्हणाली, “बाबा, आता मेक अप करून टाका.” आम्हांस पावडर-लाली आठवली, तिचा आशय समेट करण्याचा होता. नव्याचा सण जवळ आलाच होता. घरी नारळाच्या दुधातला चिकाचा हलवा झाला, तो ताटलीत घेऊन आम्ही उभयता शेजारच्या दाराशी गेलो आणि मुंबईचे ‘पास आउट’ कसे असते ते अडखळत समजावून दिले. बाई हसू लागल्या. आतून यजमान काठी टेकीत आले, हलव्याची एक वडी तोंडात टाकली आणि म्हणाले, पहिल्या अर्थाने झालो खरा, तुमच्या अर्थाने पास आउट व्हायला अजून दोन सत्रे बाकी आहेत.